अहमदपूरला उतरले, त्याची दुरुस्ती

प्रथम दुरुस्ती. माझ्या तिसऱ्या मृत्युपत्रात (दि. १२ जानेवारी २०२६) मी लिहिले आहे की नोव्हेंबरात लातूरची बस अहमदपूरला बंद पडली, म्हणून माझी शस्त्रक्रिया हुकली. हे खोटे आहे. बस धडधाकट होती. मी अहमदपूरला उतरले, समोर लागलेल्या नांदेडच्या गाडीत चढले आणि लोह्याला परत आले. चढण्याआधी स्टँडवर एक प्लेट भजी खाल्ली. चार दिवसांत पहिल्यांदा घास गोड लागला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

मी, अयोध्या भुजंग पवळे, वय २७, राहणार लोहा, जिल्हा नांदेड. तहसीलच्या दारात दस्तलेखक हनुमंतकाकांच्या टेबलावर टंकलेखन करते. मी शुद्धीवर आहे. यापुढे 'कोणाच्याही दबावाशिवाय' असे टाइप करायची रीत आहे आणि लोकांसाठी मी ते शेकडो वेळा केले आहे. स्वतःसाठी करवत नाही. दबाव आहे. तो बाहेरचा नाही, म्हणून त्याचे नाव-गाव लिहिता येत नाही.

कारण असे : माझ्या गळ्याला डाव्या बाजूने गाठ आहे. ती काढून तपासल्याशिवाय कशाची आहे ते सांगता येणार नाही आणि उशीर परवडणारा नाही, असे लातूरच्या डॉक्टरांनी मागच्या जुलैत सांगितले. तेव्हापासून तीन तारखा मिळाल्या. तिन्ही मी चुकवल्या. भुलीतून जाग येणार नाही, ही भीती.

कलम १. राहत्या घरात माझा हिस्सा निघतो की नाही, याची मला खात्री नाही. निघाल्यास तो आईला, गुणाबाईला. पोस्टातली बचतही तिलाच.

आईचा मला संशय येतो, हे लिहिताना लाज वाटते. प्रत्येक तारखेआधी ती म्हणते, "ऱ्हाऊ दे माय, पुढच्या महिन्यात बघूत." मी हो म्हटले की तिचा चेहरा उजळतो आणि ताटात गरम भाकरी पडते. हे माझ्यावरचे प्रेम की तिची स्वतःची सुटका, हे मला ठरवता आलेले नाही. दोन्ही असावे.

कलम २. लॅपटॉप आणि प्रिंटर भावाच्या मुलीला, आरतीला. ओळीखाली धरून मजकूर तपासायची माझी स्टीलची पट्टीही तिलाच, पण तिने ती फक्त रेघा मारायला वापरावी. एकच ओळ सात-सात वेळा तपासायची सवय तिला लागू नये.

कलम ३. भावजय शिवकांता हिने दिलेली ओढणी तिला परत द्यावी. "गाठ झाकून ऱ्हाईल. गळा चिरल्यावर कोन करून घेतंय तुला?" असे म्हणून ती दिली होती. दुसरे काही देऊ नये.

कलम ४. वडिलांना, भुजंग अण्णांना, मी काही देत नाही, कारण माझ्याकडे आहे ते त्यांचेच आहे. शाळेच्या वाटेवर ओढा होता म्हणून सात वर्षांची होईपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवले. मुळाक्षरे, पाढे, आणि पाय घालण्याआधी चप्पल तीनदा झटकणे. विंचू एकदाही निघाला नाही. मी विचारले तर म्हणाले, "झटकतो म्हनूनच निघत न्हाई." या वाक्यात खोट कुठे आहे, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

तीही मला नांदेडच्या समुपदेशक अक्षरा मॅडमनी दाखवली. त्या म्हणाल्या, "तुमच्या मेंदूत धोक्याची घंटा आधी वाजते, तोलून बघणारा भाग मागून येतो. त्याच्या पारड्यात 'काय बिघडेल' तेवढंच पडतं, 'काय मिळेल' याला वजनच नसतं. मग तुम्ही टाळता. टाळल्यावर जे हलकं वाटतं, ते मेंदू बक्षीस समजतो आणि पुढच्या वेळी तेच मागतो." मला मॅडमचाही संशय आला. मी दुसऱ्या भेटीत तेच प्रश्न उलटसुलट करून विचारले. उत्तरे तीच आली.

त्यानंतर संशयाची पाळी या कागदावर आली.

मागच्या आठवड्यात चौथा मसुदा घेऊन मी शेजारच्या केवळाबाईंकडे गेले. त्या रोजाने शेतात जातात. आधीच्या तिन्ही मृत्युपत्रांवर साक्षीला त्यांचाच अंगठा आहे.

"आता गं काय करायलीस? अंगठा झिजला की माझा," त्या म्हणाल्या. "मरायच्या आधी किती येळा मरतीस?"

दुसऱ्या साक्षीसाठी आलेले हनुमंतकाका तिथेच होते. "लोकं एकदा करतेत अन् जातेत. ही तर आपली कायमची गिऱ्हाईक झाली," असे म्हणून ते हसले.

केवळाबाई हसल्या नाहीत. "दर खेपेला अंगठा घेतीस, निवांत झोपतीस, अन् सकाळी म्हनतीस पुढच्या महिन्यात. हाव का न्हाई?"

हाव, खरे आहे. तिन्ही वेळा सह्या झाल्या की छाती मोकळी झाली. वाटले, सगळे मार्गी लागले. आणि सगळे मार्गी लागल्यावर लातूरला कशाला जायचे? मी मृत्युपत्र शस्त्रक्रियेसाठी करत नव्हते. शस्त्रक्रियेऐवजी करत होते.

कलम ५. म्हणून या कागदावर लोह्यात सही होणार नाही. दोन साक्षीदारांसमोर सही झाल्याशिवाय मृत्युपत्राला किंमत नसते, हे मला कोणी शिकवायला नको. चौथी तारीख १६ मार्चची मिळाली आहे; त्या दिवशी लातूरच्या रुग्णालयात भरती होऊन पलंग मिळाल्यावर, भुलीच्या आधी, मी सही करेन. खालचे स्थळ आणि दिनांक म्हणूनच आधी टाइप करून ठेवले आहेत. तोवर तिसरेच लागू राहील. साक्षीदाराला काही देऊ नये, हा आमच्या टेबलाचा शिरस्ता आहे, म्हणून केवळाबाई आणि हनुमंतकाका या दोघांच्या नावे काही नाही. दोघांनी सोबत यायचे कबूल केले आहे. केवळाबाई त्या दिवशीचा रोज बुडवणार आहेत. त्यांनी बजावले आहे, "अंगठा तिथंच दीन. वाटंत मागितलास तर न्हाई."

लिहून देणार : अयोध्या भुजंग पवळे (सही बाकी)
साक्षीदार : हनुमंतकाका, दस्तलेखक (सही बाकी), केवळाबाई, शेजारीण (अंगठा बाकी)
स्थळ : महिला वॉर्ड, लातूर
दिनांक : सोमवार, १६ मार्च २०२६