करमुक्त म्हैस

१२ ऑक्टोबर २००२
पशुखाद्याच्या विक्रीत कारखान्यात पहिला आलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी केबिनमध्ये बोलावून बक्षीस निवडायला सांगितलं. दहा हजार रोख, नाहीतर हरियाणाची गाभण मुऱ्हा म्हैस. लगेच म्हैस मागितली. रोख म्हणजे पगार, पगार म्हणजे कर. म्हैस म्हणजे शेती, आणि शेतीला कर नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

१३ ऑक्टोबर
रत्नाला सांगितलं. तिनं विचारलं, राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर म्हैस बांधणार कुठं? बायकांना बारीकसारीक डिटेल्समध्ये फार इंटरेस्ट. म्हैस मलकापूरला गुंडूच्या गोठ्यात राहील. चुलतभाऊ आहे. निम्मं दूध त्याचं, निम्मं आमचं. पेंड मी पुरवायची, आम्हाला कन्सेशनमध्ये मिळते.
शिवाय अपूर्वाचं बघायचंय. बारावीला आहे, पुण्याला इंजिनिअरिंग करायचं म्हणते. समाजाच्या ट्रस्टची स्कॉलरशिप आहे, फी आणि हॉस्टेल दोन्ही. अट एकच, बापाचं उत्पन्न लाखाच्या आत. माझं ब्याऐंशी हजार. रोख घेतली असती तर आकडा विनाकारण फुगला असता. बाप लांबचा विचार करतो, तो असा.

२१ ऑक्टोबर
अकौंट्सचे प्रसेनजीत कांबळे टेबलाशी आले. सीए आहेत, पण वय लहान. म्हणाले, काका, म्हैस तीस हजारांची, वर ट्रकभाडं आठ हजार, ते आपण कारखान्याच्या वाहतूक खर्चात टाकू. मी म्हणालो, मुळीच नाही. सन्मानपत्रावर पूर्ण अडतीस छापा, ठळक. लोकांना कळू दे. कांबळे म्हणाले, वस्तू दिली तरी तिची किंमत पगारातच धरतात, पाच हजारांपर्यंतची भेट तेवढी सुटते. मी विचारलं, म्हैस ही वस्तू आहे का?

५ नोव्हेंबर, पाडवा
म्हशींच्या मिरवणुकीत भाग घेतला. गुंडूनं टेम्पोतून आणली. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात घुंगरं. मालकानं मोटारसायकल पुढं पळवायची आणि म्हशीनं मागं धावायचं, अशी इथली रीत. मी सायलेन्सर काढून गाडी सोडली. मागं वळून बघतो तर म्हैस रस्त्यात बसलेली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पावणं, तुमीच पळा की, म्हस बघतीया. गाभण आहे, बसणारच.
पेपरवाल्यानं फोटो घेतला. किंमत मी आपणहून सांगितली.

७ नोव्हेंबर
फोटो छापून आला. खाली 'अडतीस हजारांची म्हैस'. कात्रण लॅमिनेट करून ऑफिसात लावलं. कांबळे बराच वेळ बघत उभे होते. जळतात.

१४ जानेवारी २००३
आतापर्यंत व्यायला हवी होती. गुंडूचा फोन आला. दादा, म्हस गाभणच न्हाय, यापाऱ्यानं गंडवलंय, म्हणाला. आवाज रडवेला. तरी बिचारा सांभाळतोय. पेंड वाढवून मागितली, दिली. उद्यापासून चहा निम्म्या दुधाचा.

२० फेब्रुवारी
कांबळेंनी वर्षाचा टॅक्सचा हिशेब दाखवला. पगारात म्हैस मिळवली आहे. कन्सेशनच्या पेंडीतला फरकही. मी शेतीचा मुद्दा काढला. म्हणाले, काका, शेतीचं उत्पन्न म्हणायला आधी शेत लागतं, आणि म्हैस तुम्हाला विक्रीबद्दल मिळाली. मी म्हणालो, थेंबभर दूध नाही, कर कशावर? म्हणाले, म्हशीवर. निदान ट्रकभाडं तरी काढा म्हटलं, तर त्यांनी भिंतीवरच्या कात्रणाकडं बघितलं.
आयकर खात्याला सडेतोड अर्ज करायचं ठरवलं. मुद्दा पहिला : म्हैस सजीव आहे. दुसरा सुचला की पाठवणार.

३१ मार्च
दुसरा मुद्दा सुचला नाही. सगळा कर या एका पगारातून कापला. उरलं त्यात लाइटबिल भागलं. म्हैस गुंडूलाच सहा हजारांना देऊन टाकली. तो म्हणाला, भाकड जनावर कोण घेतंय दादा, तुमच्याकडं बघून घेतो. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

१२ जुलै
ट्रस्टच्या सेक्रेटरींनी अपूर्वाचा अर्ज परत केला. उत्पन्न लाखाच्या वर. म्हणालो, साहेब, त्यात एक म्हैस आहे. ते म्हणाले, दारात म्हैस असलेल्याला मदत कशाला? म्हणालो, ती विकली. मग ते पैसे भरा की, म्हणाले. अडतीस हजारांची म्हैस, पेपरात वाचलंय आम्ही.
अपूर्वानं इथंच बी.एस्सी.ला नाव घातलं. मुलगी डोळ्यासमोर राहिली, हेही एका दृष्टीनं बरंच, असं रत्नाला म्हणालो. ती उठून आत गेली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ऑफिसातलं कात्रण काढायला गेलो, तर गोंदानं भिंतीला घट्ट बसलंय.

१५ सप्टेंबर
गुंडू आला होता. खरवसाचा डबा घेऊन. म्हैस व्याली. रेडी झाली. दूध बादलीत मावंना म्हणाला. म्हशीचे दिवस दहा महिन्यांचे असतात. मागं मोजत जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. पाडव्याच्या आसपास येतं. मार्चात विकली तेव्हा तिला पाचवा महिना लागला होता, आणि गुंडू रोज तिच्या धारेला नाही तरी वैरणीला जात होता.
खरवस रत्नानं वाट्यांत काढला. मी गुंडूला शिव्या घातल्या नाहीत. पाहुणा घरी आलेला. तो गेल्यावर अपूर्वानं शांतपणे विचारलं, पप्पा, ह्याची किंमत कुणाच्या उत्पन्नात धरायची? मी म्हणालो, याला कर नाही, बाळ. यावेळी नक्की.
तिनं वाटी माझ्याकडं सरकवली आणि कॉलेजला गेली.