तक्ते पुसले, यादी गेली

म्झुझू, रविवार

आदरणीय थोरल्या मावशी,

गुडघे टेकून नमस्कार. तळ्यावरच्या वाऱ्यानं तुमची कंबर धरते ती आता कशी आहे? सुकवलेली उसिपा पोचली. (शेजारणीनं मासा चांगला आहे की नाही हे बघता बघता निम्मी संपवली.)

तर मी रक्तपेढीत संगणक सांभाळते. दात्यांची नावं एका तक्त्यात, रक्तगट दुसऱ्यात, फोन तिसऱ्यात. आमच्या गोंडवेसाहेबांना (माणूस भला, धीर कमी) तीन ठिकाणी बघायचा कंटाळा, म्हणून मी त्यांना एक ‘व्ह्यू’ करून दिला, म्हणजे सगळं एकत्र दाखवणारी यादी. पण व्ह्यूपाशी स्वतःचं काही नसतं; मागच्या तक्त्यांत असेल तेच तो दाखवतो. आमच्या त्या यादीत साधा फोन नंबर बदलायला गेलं तरी ती घेत नाही. हे मी सांगितलं तेव्हा साहेब चहात बन बुडवत होते.

मंगळवारी संगणकात जागा उरली नाही. एका यादीत सगळं दिसतंय, मग तेच पुन्हा तीन ठिकाणी कशाला, अशा विचारानं तक्ते पुसले गेले. तासाभरात बाळंतिणींच्या वॉर्डातून फोन : ओ निगेटिव्ह रक्त हवं, लवकर. पेढीत एक पिशवी नाही. यादी उघडली, तर माणूस एकही नाही. नुसतं ‘तक्ता सापडत नाही’.

“काल तर सगळे दिसत होते,” साहेब म्हणाले.

“काल तक्ते होते, साहेब.”

मी तशीच बाजारात पळाले, उंदरांचं औषध विकणाऱ्याचा कर्णा मागून घेतला आणि ओरडत सुटले. (पहिली दहा मिनिटं लोकांना वाटलं, औषधच विकतेय.) सतरा जण आले. त्यांत ओ निगेटिव्ह निघाल्या एकट्या मुन्थालीबाई, मला गणितात दोनदा नापास करणाऱ्या. सुई टोचून घेताना म्हणाल्या, “तुझा संगणक कुठाय गं?” मी म्हटलं, “बसलाय.” “तुझं गणितही असंच बसायचं,” बाई म्हणाल्या, आणि दंड पुढे केला. बाळंतीण वाचली. मुलगी झाली. मी भांडारात जाऊन थोडं रडले.

फेब्रुवारीची जुनी प्रत सापडली आहे. त्यानंतरचे दीडशे दाते मात्र गेले.

तुमची भाची,
तेम्वानी

ता. क. तक्ते साहेबांनी पुसले असं मी कुठंही लिहिलेलं नाही. पुसले मी, सगळं ठाऊक असून, जागा करायच्या घाईत. वरिष्ठांपुढे साहेब “आमच्याकडून झालं” एवढंच बोलले. आईला सांगू नका.

पुन्हा ता. क. त्या दीडशेत तुम्हीही आहात. नाव, फोन, रक्तगट कळवा. वयही कळवा. मार्चमध्ये तुम्ही पंचेचाळीस लिहिलं होतंत. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, या वर्षी बावन्न पूर्ण करते.