खांबामागची खुर्ची

३ जानेवारी, सकाळी ७.१०

अखेर दिवस आला. जुन्या संगीत सभागृहाच्या दुरुस्तीसाठी नगरपरिषदेने काल समिती जाहीर केली आणि तीत माझं नाव आहे. सातवं आहे, पण आहे. अध्यक्ष कोण? आमचे मेहुणे. हिचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना गाण्यातलं कळतं म्हणे. मी कुठेही जावं, हा गृहस्थ आधीच खुर्ची अडवून बसलेला.

छत, रंगमंच, वीज या उपसमित्या बाकीच्यांनी पळवल्या. उरली आसन उपसमिती. कोणालाच नको होती, त्यामुळे मी बिनविरोध प्रमुख. या लोकांना कळत नाही की सभागृहात खरी सत्ता एकच: कोणी कुठे बसायचं.

संकल्प: १) रोज डायरी. २) मेहुण्यांशी गोड बोलणं. ३) उट्टं काढणं.

४ जानेवारी

कशाचं उट्टं ते लिहून ठेवतो. पुढेमागे राग कमी पडला तर वाचता येईल.

तीस वर्षांपूर्वी. लग्नाला महिना झालेला. मेहुण्यांनी एका मोठ्या गायिकेच्या मैफलीची तिकिटं आणली. ही आणि ते मागे कुठेतरी बसले. मला मात्र स्वतः हाताला धरून ग रांगेत नेलं, चौदा नंबरवर बसवलं आणि हसले. ग-१४ च्या बरोबर पुढे लोखंडी खांब आहे. अडीच तास मला गायिकेचं एक कोपर दिसलं, तेही अधूनमधून. मान डावीकडे, मान उजवीकडे. मग खांबाचे बोल्ट मोजले. अकरा. बाहेर आल्यावर वर विचारतात, कसं वाटलं? मी म्हणालो, छान. नवा जावई दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर मी त्यांच्या घरी पाऊल ठेवलेलं नाही. ही माहेरी एकटी जाते. विचारलं तर माझं डोकं दुखत असतं. तीस वर्षं दुखतंय.

योजना साधी आहे. उद्घाटनाला मेहुणे ग-१४ वर. मी पहिल्या रांगेत मधोमध.

५ जानेवारी ते ११ फेब्रुवारी

कामात होतो.

१२ फेब्रुवारी

संकट! आर्किटेक्टबाईंनी नकाशे दाखवले. खांबच काढणार आहेत! म्हणाल्या, तो मूळ इमारतीतला नाहीच, बाल्कनी खचली तेव्हा टेकू म्हणून लावला, साठ वर्षं झाली. आता वरून पोलादी तुळई टाकली की काम झालं.

खांब गेला तर माझ्या सुडाला टेकू कुठला? मी उठलो आणि वारसा या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. म्हणालो, साठ वर्षं जुनी वस्तू वारसा नसेल तर मग मी अठ्ठावन्न वर्षांचा, मला काय भंगारात घालणार? छत उपसमितीचे प्रमुख म्हणाले, तो वेगळा ठराव आणावा लागेल. लोक हसले. मी हसणाऱ्यांची नावं लिहून घेतली आहेत. (चार.)

मतदान तीन विरुद्ध तीन. अध्यक्षांचं मत निर्णायक. मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मत दिलं खांबाच्या बाजूने!

आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा.

१३ फेब्रुवारी

मेहुण्यांनी फोन करून आभार मानले. कशाबद्दल कोण जाणे. मी संकल्प क्रमांक दोनप्रमाणे गोड बोललो. फोन ठेवल्यावर पाणी प्यायलो.

२० एप्रिल, दुपारी ३

प्रत्यक्ष पाहणी. ग-१४ वर बसून खात्री केली. रंगमंच शून्य दिसतो. उत्तम. उठताना खुर्चीची बैठक मोडली आणि मी आत बसलो तो बसलोच. गुडघे हनुवटीला. सुताराला हाक मारावी लागली. तो आला, आधी त्याने मीटरटेपने मला मोजलं, मग काढलं.

हॉलचा म्हातारा डोअरकीपर सगळं बघत होता. चाळीस वर्षं इथे आहे. विचारतो, साहेब, याच खुर्चीवर कसे काय आलात? मी म्हणालो, सहज. तर डोळे मिचकावून म्हणाला, सहज कोणी येत नाही इथे, जाणकारच येतात. माणूस चळलाय. पेन्शनीत काढावा.

९ जून

आवाज तपासणारा इंजिनिअर आला होता. सगळी समिती त्याच्या मागून रांगा-रांगांतून फिरली. मी गेलो नाही. आसनाशी आवाजाचा काय संबंध? त्या वेळात मी पहिल्या रांगेतली माझी जागा ठरवली. मधोमध.

२ जुलै

एक शंका. मेहुणे ऐनवेळी कोणाला तरी म्हणतील, तुम्ही बसा इथे, आणि सटकतील. कच्चं काम मला चालत नाही. म्हणून आज ठराव मांडला: सभागृहासाठी केलेल्या सेवेबद्दल ग-१४ ही खुर्ची माननीय अध्यक्षांना तहहयात देण्यात यावी, खुर्चीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी असावी आणि त्यांच्याखेरीज कोणीही, कोणत्याही कारणास्तव, तीवर बसू नये.

एकमताने मंजूर! टाळ्या झाल्या. मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला. मनात म्हणालो, आत्ता कुठे सुरुवात आहे.

हिला सांगितलं. ही माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पण संध्याकाळभर गुणगुणत होती. हिला बिचारीला काही माहीत नाही.

१८ सप्टेंबर

सुताराच्या कारखान्यात गेलो. सगळ्या खुर्च्या तिथे ओळीने मांडल्यात. एकीची स्प्रिंग अशी वर आलेली की तपासायला मी हाताने दाबली तर हात सोलवटला. तिला लाल दोरी बांधली. सुताराला बजावलं, या खुर्चीच्या स्प्रिंगला हात लावायचा नाही, वरून नुसतं मखमल चढवायचं. खास माणसाची खुर्ची आहे. नंबर मुद्दामच सांगितला नाही. गुपित चार कानांच्या बाहेर जाता कामा नये. तो म्हणाला, कळलं साहेब, खास माणसं कुठे बसतात ते मला माहीत आहे. शहाणा माणूस.

१४ नोव्हेंबर, सकाळी ६

आज उद्घाटन. नवा सूट. आरशासमोर सहानुभूतीचा चेहरा करून पाहिला. मध्यंतरात मेहुण्यांजवळ जाऊन विचारायचं, कसं वाटलं? तीस वर्षं हे वाक्य जपून ठेवलंय.

१५ नोव्हेंबर, सकाळी ८

उभ्याने लिहितोय.

काय झालं ते क्रमाने लिहितो. पहिल्या रांगेत मधोमध बसलो. बसताक्षणी उठलो. मखमलीखाली स्प्रिंग. माझ्याच हातची लाल दोरी खुर्चीच्या पायाला लोंबत होती. खास माणसं पहिल्या रांगेत बसतात हे सुताराला माहीत होतं. मागे हजार माणसं, पुढे गायिका. मी पुन्हा बसलो आणि जन्मात कोणी बसलं नसेल इतक्या हलकेपणाने बसून राहिलो.

रंगमंच इतका उंच की मला गायिकेचा फक्त गुडघा दिसत होता. आवाज डोक्यावरून मागे जात होता.

मागे वळून पाहिलं. ग-१४ वर मेहुणे. शेजारी ही. दोघांचे डोळे मिटलेले. मेहुण्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, चला, लागला घाव.

मध्यंतरात लंगडत गेलो. विचारलं, कसं वाटलं? त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, या हॉलमधला सगळा आवाज त्या खांबाशी येऊन जमतो, इंजिनिअरनेही मोजून तेच सांगितलं. दिसत काही नाही, पण तसं गाणं दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर ऐकू येत नाही. कॉलेजात असल्यापासून ती माझी जागा. आयुष्यात एकदाच दुसऱ्याला दिली. बहिणीचं लग्न झालं होतं, वाटलं, तिच्या नवऱ्याला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं द्यावं. नंतर तुम्ही कधी घरी आला नाहीत. मी समजलो, गाणं आवडलं नसेल. आणि तुम्ही तर खांबासाठी भांडलात, खुर्ची माझ्या नावावर केलीत. तीस वर्षं लक्षात ठेवलंत!

मी म्हणालो, हो. लक्षात होतं.

घरी आल्यावर हिला विचारलं, तुला हे माहीत होतं? म्हणाली, त्याच दिवशी परतताना सांगितलं होतं की तुम्हाला! तुम्ही रस्ताभर बोल्ट-बोल्ट करत होता.

सुटाची पँट रफूला दिली आहे.

१५ नोव्हेंबर, दुपारी ४

हॉलवर जाऊन आलो. आत एक मुलगी एकटीच व्हायोलिनचा रियाज करत होती. डोअरकीपरला म्हणालो, पाचच मिनिटं ग-१४ वर बसू दे. नुसतं ऐकतो. तो म्हणाला, साहेब, बसू दिलं असतं, पण हे बघा. भिंतीवर ठराव फ्रेम करून लावलाय. कोणीही, कोणत्याही कारणास्तव. खाली सही माझीच.

मग रांगेच्या कडेला उभा राहिलो. तिथून काही खास ऐकू येत नाही. खांबाचे बोल्ट मोजले.

बारा आहेत.