दोन सीटच्या गाडीची वाटणी

मी, खाली सही करणारा, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा लेथ कारागीर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात माझी छाती उघडायची आहे. सर्जनना एवढेच सांगितले, "साहेब, भाग ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने मांडून ठेवा." ते हसले. पुढचे देवाच्या हाती.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्या हयातीत कोणी वाटणीची भाषा काढू नये.

२. लेथ आणि मापाची हत्यारे मुलाला. हत्यारांना तेल लावणे त्याने पूजेइतके नेमाने करावे. मला त्या दोन्हींत कधी फरक दिसला नाही.

३. मेव्हण्याने नेलेला मोठा पाना त्याच्याकडेच राहू द्यावा. मात्र तो माझा होता, हे त्याने एकदा चारचौघांत म्हणावे.

४. लाल स्पोर्ट्स कार. लग्नाच्या तोंडावर घेतलेली, जुनी, माझी पहिली आणि शेवटची. छप्पर गळके; चढ आला की इंजिन तापते, पाठोपाठ माझे डोके. देव न मानणारा मेव्हणाही हिच्यात बसला की नामस्मरण करतो.

पहिल्यांदा इंजिन खोलले तेव्हा सुटे भाग चादरीवर क्रमाने मांडून मी कामावर गेलो. परत येऊन पाहतो तो नव्या नवरीने सगळे रॉकेलने लख्ख धुऊन, भांड्यांसारखे लहानमोठे लावून ठेवलेले! "बघा तरी, केवढा पसारा होता!" मी मटकन खाली बसलो. चूक कळल्यावर तीही बसली. लग्नघरात नवे पाहुणे ओळखावेत तसे एकेक भाग हातात घेऊन "हा कुणाचा कोण?" विचारत आम्ही ते इंजिन जुळवले. तेव्हापासून नुसत्या आवाजावरून ती गाडीचे दुखणे सांगते. "आज हिचा घसा बसलाय" म्हणाली, की कार्बोरेटरच निघतो. असे सुख फार थोड्यांना लाभते.

मुलगा म्हणतो, "बाबा, विकून टाकू. आईला नाही झेपायची." म्हणून स्पष्ट लिहितो: माझ्या पश्चात गाडी पत्नीला. ती कोणी विकू नये. पत्नीने स्वतः चालवावी.

कलम ४ मध्ये दुरुस्ती: हे वाचून दाखवल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मला नुसतं शेजारी बसवलंत. चावी द्यायला तुम्ही मरायलाच हवं का? काढलेलं लायसन काय लोणचं घालायला ठेवलंय?" मुलगा काही बोलायला गेला. "तू गप रे," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.

मी चावी दिली. सबब कलम ४ रद्द. गाडी आजपासून तिची. जे आपले नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकीलही म्हणाले.

दवाखान्यात मला तीच नेणार आहे. परत आणायचेही तिने कबूल केले आहे.

ठिकाण: आमच्या घरची पुढची खोली
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा रविवार

लिहून ठेवणार: (सही)

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोरच आमच्या सह्या केल्या:
शेजारचे शिंपीकाका (सही)
वकिलांचे कारकून (सही)