आपल्या घराण्याचं टक्कल

उस्कुदार, शुक्रवार दुपार

आदरणीय हुलुसी भाऊजी,

तुमचा हात ओठांना लावून कपाळाला टेकवते. जाऊबाईंच्या दोन्ही गालांचे मुके. तुमचा गुडघा कसा आहे, जाऊबाईंची साखर उतरली का, लसणाच्या वेण्या बांधून झाल्या का, आणि शेजारच्या कोंबडेवाल्याशी बोलणं सुरू झालं की अजून रुसवाच चालू आहे, ते सगळं कळवा. आमचं इकडे बरं आहे. अल्लाच्या कृपेने माझे दोन दात सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. (तुंजायचे केस जागच्या जागी नाहीत, पण तेच सांगायला बसले आहे.)

तुमचा निरोप पोचला. तुमच्या मेहुण्याने तो दुकानात, खुर्चीत बसून, तोंडाला साबणाचा फेस असताना, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने दिला. ‘जो पोरगा बापाचं डोकं झाकतो, त्याच्यासाठी हुलुसी कुणाच्या दारात मुलगी मागायला यायचा नाही.’ तुंजायच्या हातात तेव्हा वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली तुमचा मेहुणा. तरी त्याला एक ओरखडासुद्धा आला नाही, यावरून मी पोराला कसं वाढवलं आहे ते ओळखा.

पण भाऊजी, तुम्ही आला नाहीत तर हे लग्न अडतं. एझगीच्या वडिलांनी, कप्तान जेमालेत्तिन यांनी, स्पष्ट सांगितलं आहे की घरातलं मोठं माणूस येऊन मागणी घालेपर्यंत ते हो म्हणणार नाहीत. तुमचा भाऊ रिफ्की आता नाही. मोठे तुम्हीच. तुमच्या कानावर अर्धंच आलं आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. वाचा, मग रागवायचं की नाही ते ठरवा.

आपल्या टकलाचा अभिमान मला तुमच्यापेक्षा कमी नाही, हे आधी सांगते. मी नवरी होऊन आले त्या दिवशी मामंजी, त्यांचे भाऊ, तुम्ही आणि रिफ्की, सगळे टोप्या काढून उन्हात ओळीने उभे होतात. माझी आई कानात म्हणाली, ‘पोरी, या घरात दिवा लावायची गरज नाही.’ मी हसले ते रिफ्कीने पाहिलं, आणि आमचा संसार तिथूनच सुरू झाला. पुढे इतकी वर्षं त्याने टकलानिशी लोकांचे केस कापले. कुणी चेष्टा केली की म्हणायचा, ‘मला स्वतःच्या केसांचा लोभ नाही, म्हणून तर तुझे नीट कापतो.’ असा न्हावी उस्कुदारमध्ये पुन्हा झाला नाही. मी त्याची बायको आहे म्हणून म्हणत नाही. (म्हणूनही म्हणते.)

तुंजायचं वेगळं झालं. त्याच्या शेंडीकडचे केस विरळ व्हायला लागले आणि गिऱ्हाइकांनी त्याला भंडावलं. ‘उस्ताद, स्वतःचे वाचवता आले नाहीत, माझे काय वाचवणार?’ दुकानाच्या वरच आमचं घर, चहाचा ट्रे घेऊन मी दिवसभर वरखाली करते, सगळं ऐकू येतं. पोरगा हसायचा आणि कात्री चालवायचा. मग मीच उठले आणि नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन त्वचेच्या डॉक्टरने लिहिलेलं जाडं पुस्तक आणलं. माझी शाळा पाचवीत सुटली, पुढचं सगळं मी दुकानातल्या शिळ्या वर्तमानपत्रांवर शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. पुस्तक हळू वाचलं, पण पुरं वाचलं.

तेव्हापासून सांगायला अभिमान वाटतो, अख्खी गल्ली मला विचारते. टोपी घातल्याने टक्कल पडतं का? पडत नाही, नाहीतर आपला इमाम केव्हाच गुळगुळीत झाला असता. वस्तरा फिरवला की केस दाट येतात का? येत नाहीत, कापलेलं टोक हाताला खरखरीत लागतं, एवढंच. (हे खरं असतं तर रिफ्कीने स्वतःच्या डोक्यावर आधी जंगल उगवलं असतं.) टक्कल आईच्या बापाकडून येतं का? दोन्हीकडून येतं, सासरला एकट्याला दोष देता येत नाही. ते लावायचं औषधी पाणी? लावत राहिलं तर थोडा उपयोग होतो, सोडलं की वाचलेलंही जातं. गोळ्या? डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, त्यांचे दुसरे त्रास असतात. बायकांचे जातात का? जातात. बाळंतपणानंतर, मोठ्या तापानंतर, आणि दुःखानंतर. लगेच नाही, दोनतीन महिने थांबून जातात, शरीराला बातमी उशिरा कळल्यासारखे. रिफ्की गेला तेव्हा कबर, पाहुणे, दुआ सगळं उरकलं, लोक आपापल्या घरी गेले, आणि मग माझ्या फणीत पुंजके यायला लागले. मी घाबरले होते, तेव्हा हे पुस्तक नव्हतं. पण केस परत आले.

तुंजायने घरगुती उपाय सगळे केले. तुम्ही पाठवलेला ताशकोप्रूचा लसूण ठेचून त्याने डोक्याला चोळला. (तुमच्या लसणाला नावं ठेवत नाही, कोशिंबिरीत त्याला तोड नाही.) टाळूला फोड आले, आणि आठवडाभर गिऱ्हाइकं खुर्चीत बसली की मान दुसरीकडे वळवायची, त्यामुळे बऱ्याच जणांचे कल्ले वाकडे कापले गेले. मग एके दिवशी मला न सांगता तो शिश्लीच्या एका क्लिनिकमध्ये गेला. नाव लिहीत नाही. तुम्ही इथे आला होतात तेव्हा बोटीवर कपाळाला काळी पट्टी बांधलेले, टाळूवर लाल ठिपके असलेले परदेशी पाहून विचारलं होतंत ना, की हा कुठला पंथ? तोच पंथ. मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे पेरतात. मागचेच का, तर ते जन्मभर टिकणाऱ्या जातीचे असतात, आणि पेरले तरी आपली जात सोडत नाहीत. हे सगळं मला पाठ होतं. पण पोराने मला विचारलंच नाही! गल्लीला माझं पुस्तक चालतं, घरात चालत नाही.

विचारलं असतं तर मी एकच सांगितलं असतं, की मागणीच्या आधी करू नकोस. त्याने गुरुवारी पेरणी केली, मागणी रविवारी. क्लिनिकमधल्या गोडबोल्याने सांगितलं होतं की तीन दिवसांत कामाला लागाल. कामाला लागता येतं, ते खरं आहे. पण पेरणीचं पाणी टाळूतून कपाळावर उतरतं आणि कपाळावरून डोळ्यांवर, हे तो बोलला नसावा. रविवारी सकाळी माझा मुलगा खोलीतून बाहेर आला तेव्हा मी त्याला शर्टावरून ओळखलं.

तुम्ही तेव्हा लसणाच्या काढणीत अडकला होतात, म्हणून समोरच्या शिंप्याला सोबत घेऊन आम्ही फुलं आणि चॉकलेटचा डबा घेऊन गेलो. दार एझगीच्या आत्याने उघडलं. ती किंचाळली, ‘अरे देवा, कुणी बडवलं याला?’ एझगी औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिने एका नजरेत ओळखलं आणि ओठ दाताखाली दाबून स्वयंपाकघरात पळाली. कप्तान मात्र गंभीर. जन्मभर बोस्फरसवर बोट चालवलेला माणूस, डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत आणून चिकटवतो आणि वाऱ्याकडे कधी उजवी बाजू करत नाही. ‘मारामारी?’ त्याने विचारलं. तुंजाय म्हणाला, ‘नाही कप्तान. पेरणी.’ कप्तानाचा हात स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

इथवर निभावलं असतं. पण कोचावर कप्तानाची आई बसली होती, हाजेर आजी, नव्वदीच्या पुढची. तिने हात पुढे केला. आता हात घ्यायचा तर वाकायला हवं, आणि कपाळाला टेकवायला हवा. आणि क्लिनिकने सांगितलेलं, की मान खाली घालायची नाही, डोक्याला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. माझा मुलगा मान ताठ ठेवून, गुडघ्यांतून, लिफ्टसारखा सरळ खाली गेला. हात ओठांना लावला. मग कपाळाकडे नेला आणि कपाळाच्या वितभर अलीकडून आजीच्या मांडीवर परत ठेवला. आजीने आपला हात उलटासुलटा करून पाहिला, हुंगला, आणि म्हणाली, ‘माझ्या हाताला काय लागलंय रे, मुला?’

तो म्हणाला, ‘आजी, पंधरा दिवसांनी येऊन टेकवून जाईन.’ तिला वाटलं, हात उधार मागतोय. मी उठून उभी राहिले आणि पाणी कसं उतरतं, मुळं किती दिवसांत धरतात, सगळं समजावलं. सगळे ऐकत होते, शिंपीसुद्धा. मग कॉफी आली. एझगीने रीतीप्रमाणे त्याच्या कपात मीठ घातलं होतं, आणि मुलाने तोंड वाकडं न करता ती प्यायची असते. त्याने ती अशी प्यायली की तशी उस्कुदारमध्ये आजवर कुणी प्यायली नसेल. पण इतक्या सुजलेल्या चेहऱ्यावर काही उमटतच नव्हतं, त्यामुळे आत्या म्हणाली, ‘पोरीने मीठच घातलं नाही वाटतं.’ त्याच्या शौर्याची साक्ष द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून मी इथे देते. निघताना कप्तान मला म्हणाला, ‘बाई, तुमचं मला पटलं, पण माझ्या आईपुढे जो वाकला नाही, त्याच्या घरातलं मोठं माणूस येऊ दे. मग बोलू.’

सूज उतरली. पंधरा दिवसांनी तुंजाय जाऊन आजीचा हात कपाळाला टेकवून आला, इतका वेळ की शेवटी तीच म्हणाली, पुरे. पण कप्तान शब्दाचा पक्का. आणि महिनाभराने, नेमका तुमचा निरोप आला त्या सकाळी, पेरलेले केस उशीवर गळून पडले. तुंजाय ओरडत माझ्याकडे आला. मी म्हटलं, बस, चहा घे. हे असंच होतं. केस गळतो, मूळ राहतं, तीनचार महिन्यांनी पुन्हा उगवतो, वर्षभरात भरतो. डॉक्टरचं पुस्तक उघडून दाखवलं. तो निवला, खाली गेला, आणि तिथे तुमचा मेहुणा फेसातून बोलला.

गिऱ्हाइकं गेल्यावर मी त्याला विचारलं. रागाने विचारलं, खोटं कशाला सांगू? म्हटलं, काका काय चुकीचं बोलले? बापाच्या डोक्याची लाज वाटली का तुला? भाऊजी, तो आरशासमोर कात्र्या पुसत होता. माझ्याकडे न वळता म्हणाला, ‘आई, तू चहा घेऊन खाली येतेस आणि दारात थबकतेस. रोज. ट्रे वाजतो. मागून मी अगदी बाबांसारखा दिसतो ना? मी आरशात तुझा चेहरा बघतो. मला वाटलं, केस आले तर तुझा एवढा तरी त्रास वाचेल.’

मी ट्रे ठेवला आणि वर आले.

तर हे असं आहे. तुमच्या पुतण्याने बापाचं डोकं लाजेने झाकलं नाही. आईसाठी त्याने डोक्यात सुया टोचून घेतल्या, डोळे सुजवून घेतले, आणि मीठ प्यायलं. असा मुलगा आपल्या घराण्यात झाला याचा मला मामंजींच्या त्या ओळीपेक्षा जास्त अभिमान आहे, आणि तुम्हीही कोटाची बटणं लावून, टोपी काढून, कप्तानाच्या दारात ताठ उभं राहावं असं हे कारण आहे. येत्या रविवारी या. उत्तर फोनवर दिलंत तरी चालेल, पण ‘हो’ असेल तरच फोन करा.

जाऊबाईंना आणि मुलींना आठवण सांगा. कोंबडेवाल्यालाही.

तुमची भावजय,
नेझिहे

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत कप्तान दाढीला आला. तुंजाय साबण आणायला गेला होता. कप्तानाने इकडेतिकडे पाहून मला हळूच विचारलं, कानावरचे केस पुढे पेरता येतात का? मी सांगितलं, कानावरचे नाही, मागचे, आणि चांगला डॉक्टर आधी ते पुरेसे आहेत का बघतो, तुमचे मला कमी वाटतात. त्याने आरशात डोक्याच्या दोन्ही बाजू पाहून घेतल्या. मग म्हणाला, एकूण असंच ठेवावं म्हणता? मी म्हटलं, वाऱ्याला घाबरणं सोडा, छान दिसाल. उठताना म्हणाला, ‘रविवारी या. मोठं माणूस आणायचं राहू द्या, तुमच्यापेक्षा मोठं मला दुसरं कोण भेटणार?’ तेव्हा मागणी मीच घालणार. अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या वचनाने तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागते, असं स्वयंपाकघरात म्हणून पाहिलं, आवाज चांगला लागतो. म्हणजे मागणीसाठी तुम्ही आला नाहीत तरी आता अडत नाही. वरचं सगळं लिहून झालंच होतं, म्हणून पाठवते.

आणखी ता. क. जाऊबाईंनी परवा फोन करून कांद्याचा रस टाळूला कसा लावायचा ते विचारलं. कुणाच्या टाळूला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काही उपयोग होत नाही, उशा मात्र खराब होतात. कुणाची ती टाळू असेल त्याला सांगा, निदान काही दिवस तिला काही लावू नका.

शेवटचं. मागणीसाठी नको, पण तरी या. तुंजायचं डोकं हिवाळ्यात भरायला लागेल, आणि भरू दे, त्याचं वय आहे. त्याला मी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, की दिवसातून इतक्या वेळा चहा कुणी मागितलेला नसायचा, मीच निमित्त काढून खाली यायचे. तुमचं डोकं मागून रिफ्कीसारखंच आहे, उजव्या कानामागच्या खळीसकट. सोमवारी दुपारी दुकानात गर्दी नसते. दाराकडे पाठ करून खुर्चीत बसा. मी चहा घेऊन येईन. ट्रे वाजला तरी लगेच वळून बघू नका.