बत्ता नावाचा फॉरवर्ड

प्रिय धाकट्या,

तुझे निरोप पोचले. पहिला फोनवर, दुसरा तुझ्या गॅरेजमधल्या फिटरच्या तोंडी, तिसरा आमच्या दारावर लाथ मारून. तिन्हींत प्रश्न एकच होता. त्याचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी माझं ऐकून घ्यावं लागेल. शाळेत सिस्टर आम्हाला बजावायच्या, रागाच्या भरात पत्र लिहू नये. त्या बाईला तुझ्यासारखा भाऊ नव्हता.

तुझ्या भाऊजींच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली आहेत. घड्याळजीचा उजवा हात. चिमटा पुन्हा धरता येईल का, ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. आणि डॉक्टर सांगत नाहीत म्हणजे काय, हे अपघात विभागात नर्स म्हणून जन्म काढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. काल ते डाव्या हाताने गजराच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडायला बसले. स्क्रू सांडले. मी जमिनीवर बसून वेचले.

आणि हे सगळं कशावरून, तर फुटबॉलमध्ये बॉल पुढे कसा न्यावा यावरून! इतकी वर्षं प्रत्येक सामन्यानंतर माझ्या जेवणाच्या टेबलावर तुमचं तेच भांडण. भाऊजींचे खेळाडू म्हणजे माझे चहाचे कप, बॉल म्हणजे लसणाची पाकळी. या कपाकडून त्या कपाकडे, त्याच्याकडून मागे, मग बाजूला. तुझा एकच खेळाडू, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. मागून उचलून पुढे फेकायचा, सगळ्यांनी धावत सुटायचं आणि आडवा येईल त्याला तुडवायचं. समोरचा सावरायच्या आत ठोकला की पुढचे प्रश्नच उरत नाहीत, हे तुझं तत्त्वज्ञान. भाऊजींच्या खेळाला तू भातुकली म्हणायचास, ते तुझ्या खेळाला अपघात म्हणायचे. तुमच्यासारखेच दोन तट बाहेरच्या रस्त्यावर होते. मोठा सामना संपला की त्यांची फुटलेली डोकी मीच शिवायची. कोण छोट्या पासवाला आणि कोण लांब फटक्यावाला हे मी कधी विचारलं नाही. रक्त दोघांचं सारखंच चिकट असतं.

त्या रविवारी तुझा संघ हरला. गोल करायला अकराच्या अकरा पुढे धावले आणि उलट्या चढाईत मार खाल्ला. शहाण्या माणसाने तेव्हा गप्प बसावं. पण तुझे भाऊजी मिशीत हसत टेबलापाशी आले. त्यांनी तुझ्या बत्त्याभोवती कप मांडले, पाकळी बत्त्याच्या मागे नेऊन ठेवली, तिच्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, बघ, मागे कोणीच नाही.

तू बत्ता उचललास.

आम्हाला वाटलं, तू उत्तराची चाल दाखवणार. बत्ता हातात घेतला की तू चाल दाखवतोस, ही सवय इतकी जुनी की त्यांनी हात मागेही घेतला नाही. टेबलावर पसरलेला तसाच ठेवला. कप फुटल्याचा आवाज आला, आणि त्याच्या आत दुसरा, ओला आवाज. तो मी ओळखते. मग तू बत्ता पुन्हा वर नेलास. या वेळी तुझी नजर त्यांच्या हातावर नव्हती, डोक्यावर होती.

मी खुर्ची ढकलून उठेपर्यंत तुझी बायको मध्ये येऊन उभी होती. जी इतकी वर्षं कोपऱ्यात भाजी निवडत बसायची आणि ऑफसाइड म्हणजे काय हेही विचारायची नाही, ती. ती ओरडली नाही. तुझा हात धरायला गेली नाही. साखळी तुटलेल्या कुत्र्याशी बोलावं तशा खालच्या आवाजात ती तुझ्याशी बोलत होती, अंग तिरकं, कोपर चेहऱ्यापुढे. तू बत्ता टाकून निघून गेलास. तिने फ्रिजमधून बर्फ काढला, फडक्यात बांधला, हातावर धरला. एवढ्या झटपट मीही केलं नसतं. माझी ती नोकरी होती. तिला ही सवय कुठून, धाकट्या?

मग मला तिचं मनगट आठवलं, जे म्हणे न्हाणीघरात घसरून मोडलं. तिचा दात, जो म्हणे कपाटाच्या दारावर आपटला.

हॉस्पिटलात भाऊजींनीही तेच केलं. हातावर दुकानाचं शटर पडलं, म्हणाले. असली शटरं आणि असले जिने मी हजारोंनी ऐकलेत. त्या पोरसवदा डॉक्टरला मी तिथल्या तिथे खरं काय ते सांगितलं. घरातली गोष्ट बाहेर काढली म्हणून भाऊजींनी माझ्याशी अबोला धरलाय. धरू देत. सध्या त्यांना धरता येईल असं तेवढंच आहे.

आता तुझा प्रश्न. ती कुठे आहे? माझ्याकडे. तू लाथ मारलीस त्या दारामागे ती उभी होती, कोपर चेहऱ्यापुढे धरून, आणि तिच्यापुढे मी होते. आज आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन आलो. तिने मनगटाचं आणि दाताचं सांगितलं, मी बत्ता पुढे ठेवला. भाऊजी एक अक्षर न बोलता आमच्यामागून आले आणि सही करता येत नाही म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा देऊन गेले. उद्या पोलीस गॅरेजवर येतील. त्याआधी आपल्या पायांनी जायचं असेल तर जा. या दाराशी मात्र येऊ नकोस. हे पत्र लिहीत होते तेव्हा ती उरलेले कप विसळत होती. फुटबॉलवर आयुष्यात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "वन्सं, भाऊजी म्हणाले ते खरं नाही. यांच्या मागे कोणीतरी होतं. मी होते." मग तिने शेवटचा कप पुसून पालथा घातला. आता ती नाही, धाकट्या. आणि मीही नाही.

रक्ताने तरी तुझीच,
ताई