आधी समोरच्याचं

२१ सप्टेंबर, शनिवार
नववीच्या वर्गावर आज माझा चर्चेचा तास — पहिला! मी मोटार-वाइंडिंगवाला, शाळा आठवीत सुटली. बाकी सगळं माझं मी वाचून शिकलो. म्हणूनच मुख्याध्यापकांनी बोलावलं असेल. नियम माझाच: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं मांडायचं. तो 'व्हय' म्हणाला, की मगच आपलं. 'साधारण असंच काहीतरी' चालणार नाही. तंतोतंत!

विषय — वडिवळे धरणावर पर्यटक यावेत का? कोमल म्हणाली, नकोतच. भातात फुटक्या बाटल्या, तिच्या आबांचा पाय चिरला. उमेराच्या वडिलांची, निजामची, धरणावर भजीची गाडी. तरी तिनं कोमलचं म्हणणं असं मांडलं, की कोमल तिच्याकडं बघतच राहिली. मग हळूच, "व्हय."

खिडकीबाहेर धुकं, लोंब्या निसवलेल्या भाताचा वास. पोरींचे शब्द पाण्यावरून चालत आल्यासारखे वाटले.

२२ सप्टेंबर
दिवसभर तोच तास डोळ्यांपुढं. मोटारीतल्या तारेचे वेढे मोजताना चुकलो. मी — आणि चुकलो!

२८ सप्टेंबर, शनिवार
उमेरानं विचारलं, "सर, तुमचं मत काय?" सांगून टाकलं — धरणावरच्या गाड्या बंद कराव्यात. बुधवारी ग्रामसभेत तसा ठराव मीच मांडणार आहे, लपवायचं कशाला?

"मग आधी तुमचं मांडते हां, सर. बाटल्या पर्यटक फोडतात, म्हणून आमची गाडी उचलायची. बरोबर?"

मागच्या बाकावरून सत्यम, "सर, व्हय म्हणा की!" वर्ग हसत सुटला. ती हसली नाही. वाट बघत उभी.

एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. मी म्हणालो, "पुढचा विषय."

२९ सप्टेंबर
पहाटेपासून धरणाच्या भिंतीवर. पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं लागतं, कळेना. आपणही तरंगतोय असं वाटलं. चांगलं वाटलं. मग आठवलं — पुढचा विषय म्हणे!

२ ऑक्टोबर, बुधवार
ग्रामसभा. सरपंच म्हणाले, "सुहासभाऊ, मांडा ठराव." म्हटलं, आधी निजामचं मांडतो. मांडलं.

निजाम उठला, "न्हाई भाऊ, आसं न्हाई." लोक खदाखदा हसले. कान तापले. पुन्हा मांडलं.

"थोडं राह्यलं. रोज सांजंला पोत्यात काचा येचतो, त्ये बी सांगा."

तिसऱ्यांदा काचांसकट मांडलं. तो म्हणाला, "व्हय."

ठराव मांडायचा राहूनच गेला.